उपरण्याची मुंबई

संस्थान विलीन झालं आणि धारच्या मोरोपंतांनी मुंबईची सहल ठरवली, तीही पंचांग मांडीवर घेऊन. राणीच्या बागेत हत्तीवर बसायचं, चौपाटीवर पाय भिजवायचे, ट्रामने शहर पालथं घालायचं. विजेवर फिरणारा मोठा पाळणा तर त्यांच्या पत्नी यमुनाबाईंनी मनातल्या मनात कधीच गाठला होता.

मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा निघाला, पण कचेरीची रजा त्यानंतरची. मग रीतीप्रमाणे पंतांनी आपलं जरीकाठी उपरणं आणि सुपारी गाठोड्यात बांधून मुहूर्तावर शेजारी उमाशंकरांकडे प्रस्थान ठेवलं. म्हणजे माणूस निघालाच असं धरायचं, आणि प्रवास झाल्याशिवाय ते गाठोडं घरात आणायचं नाही.

रजा मिळाली तेव्हा शुक्राचा अस्त होता. अस्त सरला तर चातुर्मास लागला. पुढे एकदा तांगा दारात उभा असताना स्वतः पंतच शिंकले.

दिवाळीनंतर उमाशंकर बायकोमुलांना घेऊन मुंबई बघून आले आणि गाठोडं हातात घेऊन दारात उभे राहिले.

“काकी, प्रस्थान बिना प्रवासाचं वापस कसं द्यायचं? म्हणून सोबत घुमवून आणलं. पाळण्यात पण बसवलं.”

यमुनाबाईंनी उपरणं झटकलं, तशी ओसरीवर वाळू सांडली.

“बघितलंस, मुहूर्त काही वाया गेला नाही,” पंत समाधानाने म्हणाले.

यमुनाबाईंनी ती वाळू पायाच्या अंगठ्याने जराशी चाळवली.

“पुढच्या मुहूर्ताला प्रस्थान म्हणून शेजारी मला ठेवा.”