खंड्याच्या पिल्लाचा डोळा

कुंभकोणमचे शेषाद्री पक्ष्यांचे फोटो काढत, पण घरट्यापासून पंचवीस पावलं लांब बसूनच. माणूस फार जवळ गेला तर आईबाप पिल्लांना टाकून जातात, म्हणून हा नेम त्यांनी तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

त्या सकाळी अरसलार नदीच्या काठावर लांब लेन्स लावून त्यांनी खंड्याचं पिल्लू टिपलं. काठाच्या मातीतल्या घरट्याच्या बिळाच्या तोंडाशी, चोच वासून बसलेलं. प्रदर्शनाला हाच फोटो पाठवायचा, असं ठरवून स्वारी खुशीत घरी आली.

बायकोने, मीनाक्षीबाईंनी, कॉफी पुढे ठेवली आणि फोटो मोठा करून पाहिला.

"अय्यो! पिल्लाच्या डोळ्यात तुम्ही दिसता की हो, अगदी वीतभर अंतरावर. जवळ गेला होतात ना?"

"देवाशपथ, जागचा हललो नाही."

"आणि तोंडात हे काय धरलंत? मासा? घरात कांदासुद्धा येऊ देत नाही तुम्ही!"

शेषाद्री हसले. कॉफीचा घोट घेताना दातांत काहीतरी टोचलं. बोटाने काढून पाहिलं, तर इवलासा चंदेरी खवला.

त्यांनी कॉफी तशीच ठेवली आणि समाधानाने उठले. पिल्लाच्या पुढच्या घासाची वेळ झाली होती.