तिसरा बोर्ड

टीमच्या कामांची नोंद ठेवणारा नवा डिजिटल बोर्ड निवडायचा होता. तीन कंपन्यांचे तीन बोर्ड महिनाभर चाचणीला आले होते. कामाचं कार्ड टाकलं की ते काम कधी संपेल, हे बोर्ड सांगे. गेल्या सहा वर्षांत एकाचंही भाकीत चुकलेलं नव्हतं, त्यामुळे त्या बाबतीत भांडायला जागाच नव्हती.

टीमची प्रमुख शुभदा ढोले हिने तिन्हींवर गुपचूप एकच कार्ड टाकून पाहिलं होतं : 'बाबांना समुद्र दाखवणे. दोन दिवस.' बाबा पुसदला, वय ब्याऐंशी.

पहिल्या बोर्डाने उत्तर दिलं, "होणार नाही." दुसऱ्याने "क्षमस्व, होणार नाही" म्हणून खाली जोडलेले हात दाखवले. तिसऱ्याने कार्ड 'चालू' या रकान्यात ठेवलं आणि तारीख कोरी सोडली. त्याच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलं होतं : न होणारी कामं याच रकान्यात राहतील. टीमचं मनोबल टिकतं.

"तिसरा घेऊ या, मॅडम," निवडीच्या बैठकीत तन्वीर घाईने म्हणाला.

"तिसराच," केळुसकर म्हणाले. चहात आलं असावं की नाही, यावरही या दोघांचं आजवर जमलं नव्हतं.

टीममधल्या सातही जणांचे हात वर गेले. कारण कुणी विचारलं नाही. प्रत्येकाने आपापलं कार्ड टाकून पाहिलं असणार.

तेवढ्यात शुभदाचा फोन वाजला.

"मंग, कधी नेतं वं मले समुद्रावर?"

"चालू आहे, बाबा."

"अस्सं! मंग नवी चप्पल घेऊनच ठेवतो," बाबा म्हणाले. "वाळूत चालाले कोणती बरी?"