तळ्यातला फोन

रुग्णालयातल्या नर्सला अकरा महिन्यांनी सलग तीन दिवस सुट्टी मिळाली होती. तळ्याकाठच्या गावापर्यंत पाच तास गाडी तिनेच चालवली, आणि नवरा शेजारी बसून फोनवर बोलत राहिला. हॉटेलात सामान टाकून दोघे तळ्याच्या धक्क्यावर आले, तरी त्याचं "हो साहेब, बोला साहेब" चालूच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन हिसकावला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून तळ्यात भिरकावला.

नवरा चिडला नाही. रिकामा तळहात तसाच कानाशी धरून तो म्हणाला, "हो साहेब."

"नाटकं पुरे!" ती ओरडली. "माझ्याशी बोल!"

तो आणखी थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला, आणि त्याने तो तळहात तिच्यापुढे धरला.

"तुझ्यासाठी आहे."

त्याचं सोंग एकदाचं उघडं पाडायचं म्हणून तिने रागारागाने कान पुढे नेला. हात ओला होता, गारठलेला. आतून पाण्याची बुडबुड ऐकू आली आणि मागोमाग तिचाच आवाज आला, तिच्याहूनही संतापलेला.

"त्याच्याशी काय भांडत बसलीस? आधी मला वर काढ!"