दुसरा स्क्रीन

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जळालं आणि आईचे सगळे फोटो आतच अडकून पडले. शेवटी भर दुपारी लेकीनं सीपीयूचा डबा उघडला, धूळ पुसली आणि नवं कार्ड खाचेत दाबून बसवलं. पहिल्याच फटक्यात चित्र उमटलं.

सेटिंगमध्ये मात्र दोन स्क्रीन जोडलेले दिसत होते. टेबलावर तर एकच होता.

"आई, बाबांकडे दुसरा स्क्रीन होता का गं?"

"छे गं, एकच तर होता," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

लेकीनं माउस उजवीकडे सरकवला. बाण कडेपलीकडे जाऊन दिसेनासा झाला. तिनं हात उचलला.

जरा वेळानं बाण आपला आपणच परत आला. येताना त्यानं एक कोरं पान ओढत आणलं. त्यावर एकेक अक्षर उमटू लागलं, बाबा दोन बोटांनी टाइप करायचे तसं सावकाश.

‘कार्ड छान बसवलंस, बाळा. इकडे जागा भरपूर आहे. आईला हाक मारतो.’

लेकीनं कानोसा घेतला, हाक काही ऐकू आली नाही. घरात फक्त नळाचा आवाज येत होता.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला आणि आईनं लगबगीनं ओ दिली, "अहो, आले, आले!"