दुधाबद्दल शंका असल्यास

विज्ञानाच्या सरांनी सातवीला वाटलेल्या उत्तरांच्या कागदात तांबं मूलद्रव्य होतं, मीठ संयुग होतं आणि दूध चक्क मूलद्रव्य होतं. खाली ‘शंका असल्यास रविवारी फोन करावा’ असं लिहून सरांनी स्वतःचा नंबर ठळक अक्षरात दोनदा छापला होता. दुधाला मिश्रणात बसवलेला दुसरा कागद सोमवारसाठी त्यांच्या पिशवीत आधीच तयार होता.

रविवारी सरांनी फोन पूर्ण चार्ज केला, आवाज वाढवला आणि ते त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. पस्तीस मुलांच्या घरी सकाळी दूध तापलं, पण शंका कोणालाच आली नाही. दुपारी रिचार्ज संपत आल्याचा मेसेज आला, तो सरांनी दोनदा वाचला.

साडेचारला फोन वाजला.

“सर, तुमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी बोलतेय. फोन करू की नको, करत बसले होते. अहो, दूध मिश्रण ना? त्यात पाणी असतं, स्निग्धांश असतो.”

“बरोबर, आजी. नजरचूक झाली माझी.”

बोलणं दुधावरून सायीवर गेलं, सायीवरून आजींच्या गुडघ्यांवर आणि तिथे चांगला पाऊण तास रमलं. शेवटी सरांनी चाचरत विचारलं, “आणखी एखादी चूक सापडली का हो?”

“या कागदात तरी नाही,” आजी म्हणाल्या.



“पुढच्या रविवारी तांबं चुकवा, सर. मी दोनलाच फोन करते.”