जुळता जुळेना

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांची मापं घेणं हे माझं काम. माप चुकलं की आत बसवायची लेन्स भलत्याच नंबरची येते आणि पेशंटला जन्मभर छळते.

या काकू दुसऱ्यांदा आल्या होत्या. यंत्रावर हनुवटी टेकवून अगदी शहाण्यासारख्या बसल्या, पण बुबुळाची गोलाई गेल्या खेपेच्या मापाशी काही केल्या जुळेना.

"काकू, कॉन्टॅक्ट लेन्स वापरता का? कालपर्यंत जरी घातल्या असतील, तरी बुबुळाचा आकार बदलतो आणि माप फसतं."

काकूंनी शेजारी बसलेल्या काकांकडे चोरून पाहिलं. "छे गं! माझी नजर लग्नाआधीपासून चांगली. विचार की यांना."

"घारीसारखी!" काकांनी लगेच दुजोरा दिला.

काकू ताकास तूर लागू देईनात. मी कपाळाला हात लावून पाणी प्यायला बाहेर आले, तर काका माझ्या मागोमाग.

"लेन्स घालणं बंद केल्यावर किती दिवसांनी माप बरोबर येतं हो?"

"पंधरा दिवस तरी लागतात. पण त्या वापरतच नाहीत म्हणताहेत ना!"

"मग त्यानंतरचीच तारीख द्या. तोवर मी भावाकडे राहून येतो, म्हणजे तिला घरात निवांत चष्मा लावता येईल."

मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"लग्नापासून लपवत आलीय बिचारी. आता ऑपरेशनआधीच्या शेवटच्या पंधरा दिवसांत कशाला पकडायचं?"