कोर्टापुरतं

दुभाष्यानं साक्षीच्या खुर्चीतल्या कुमुदिनीबाईंना वकिलाचा प्रश्न मराठीत विचारला, "अपघात कोणाच्या चुकीमुळे झाला?"

समोर प्रतिवादीच्या खुर्चीत त्यांची सून बसली होती. त्या दिवशी गाडी तीच चालवत होती. बाईंचा पाय मोडला, आणि त्यांचा मुलगा, तिचा नवरा, जागीच गेला. अमेरिकेत उपचारांचा खर्च विमा कंपनीकडून मिळवायचा, तर दावा गाडी चालवणाऱ्यावरच लावावा लागतो, मग ती घरची का असेना. वकील सुनेनंच शोधून दिला होता. "आई, बिनदिक्कत माझं नाव घ्या," असं तिनंच बजावलं होतं. आताही तिनं हळूच मान हलवली.

"हिच्या," बाई म्हणाल्या. वर्षभर छातीत दाबून ठेवलेलं ते इतकं सहज बाहेर पडलं, की त्या स्वतःच चरकल्या.

बाहेर आल्यावर सुनेनं त्यांच्या हातात काठी दिली, पण आपला हात काढला नाही. "आई, ते... कोर्टापुरतंच होतं ना?"

खरं बोलायची शपथ आत, साक्षीच्या खुर्चीपाशीच सुटली होती. "हो गं, कोर्टापुरतंच," म्हणत त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि सुनेचा खांदा धरला.